वासनिक बाईंची व्हिनेगरची गल्ली

वासनिक बाई वर्ग सुरू करताना आधी फळ्यावर एक शहर काढायच्या. चौकोनी तटबंदी, पश्चिमेला कोळशाचे डोंगर, वर्षभर कोरडी असणारी नदी आणि दक्षिण दरवाज्यातून आत शिरल्यावर डावीकडे व्हिनेगरची गल्ली. मग कुणाच्या तरी हातात खडू देऊन म्हणायच्या, "चला, दरवाज्यापासून माझ्या खोलीपर्यंत या. चिनीत बोलत." कुणी चुकलं की शांतपणे, "अहो, नदीत पडलात. बरं झालं कोरडी आहे."

आम्ही आयटीवाले दर शनिवारी बिबवेवाडीत त्यांच्या घरी चिनी शिकायला जायचो. कंपन्यांना चीनचे वेध लागले होते, आम्हाला पगारवाढीचे. बाई तरुणपणी नागपूरहून शिष्यवृत्तीवर उत्तर चीनमधल्या त्या लहानशा शहरात राहून आल्या होत्या. एके काळी तिथल्या सावकारांच्या हुंड्या दूरदूर चालायच्या. पुढे सावकारी बुडाली, कोळसा आला आणि खिडक्यांवर काजळी बसली. गल्लीत मात्र रांजणांतून ज्वारीचं व्हिनेगर मुरायचं. "ज्वारी पिकते म्हटल्यावर मी खूश," बाई सांगायच्या, "तर यांनी तिचं आंबट पाणी केलेलं. भाकरीचा पत्ता नाही."

पुढे कंपनीने मला बीजिंगला पाठवलं. बाईंना पुन्हा जाणं कधी जमलंच नव्हतं आणि आता गुडघे दुसरा मजलाही उतरू देत नव्हते. निरोप घ्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "गल्ली आहे का, तेवढं बघून या. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

सुट्टी काढून गेलो. तटबंदी होती, तिला आता तिकीट होतं. डावीकडे वळलो तर रुंद रस्ता आणि मोबाइलची दुकानं. एका म्हाताऱ्याला फळ्यावरचा पत्ता विचारला. हात करून त्याने सगळा रस्ता सांगितला: सरळ जा, विहिरीपाशी वळा, रांजण दिसतील, पुढे निळं दार. शेवटी म्हणाला, आता तिथे यातलं काही नाही.

परत आल्यावर बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"पण रस्ता पूर्ण सांगितला ना त्याने?"

हो म्हणालो. पुढच्या शनिवारी फळ्यावर गल्ली होती तिथेच होती.

बाई गेल्या. नंतर त्यांची इमारतही पाडली. परवा बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीपाशी एका मुलीने मला थांबवून विचारलं, इथे चिनी शिकवणाऱ्या बाई कुठे राहतात? सरळ जा, म्हणालो, दवाखान्यापाशी डावीकडे, दुसरा मजला, दारात कोरफडीची कुंडी. सगळं सांगून झालं, आणि मगच तिला म्हणालो की आता तिथे यातलं काही नाही.