दादासाहेबांचा जुळा भाऊ

मी माझ्या आईला एका चिनी मालिकेचे अकरा भाग धडधडीत खोटे सांगितले.

चुकून नव्हे. पूर्ण शुद्धीत, चहा पिऊन, तिच्या शेजारी मांडी घालून बसून सांगितले. आणि सुरुवातीचे तेरा भाग मी अगदी प्रामाणिकपणे सांगितले होते, हे आमच्या घरात आता कुणाच्याही लक्षात नाही. माणसाचं चांगलं कुणी मोजत नाही, ते असं!

तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा होता. (शारजात हिवाळा म्हणजे एसी बंद करून बाल्कनीचं दार उघडता येतं तो काळ.) आई चिंचवडहून व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली होती. पहिल्या आठवड्यात तिनं फ्रिज नव्यानं लावला. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या पार्कातल्या बाकावर आज्यांची बैठक जमवली. तिसऱ्या आठवड्यात ती रिमोटवर बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली! टीव्ही आपोआप कुठेतरी गेला आणि पडद्यावर लाल कंदिलांचा भलामोठा वाडा, उंच खुर्चीत एक करारी म्हातारी आणि तिच्यासमोर मान ताठ ठेवून उभी असलेली नवी नवरी.

"मंद्या, ही मुलगी कोण? आणि ही म्हातारी हिला एवढं का बोलतेय?"

आईचं इंग्रजी शाळेपुरतं. खालची ओळ निम्मी वाचून होईतो पुढची यायची. म्हणून मी वाचून सांगू लागलो आणि बघता बघता त्याची पोथीच झाली. संध्याकाळी सहा म्हणजे सहा. आई हातपाय धुऊन, वाती वळायला कापूस घेऊन बसायची. मधे खायचं नाही, फोन घ्यायचा नाही. भाग संपला की टीव्हीला नमस्कार! माझं ऑफिस अल कुसैसला, म्हणजे घरापासून जवळ. बायको, मुग्धा, दुबईच्या ट्रॅफिकमधून साडेसातला उगवायची आणि आमची बारा वर्षांची ईरा त्या वेळी पोहण्याच्या क्लासला. सुट्टीच्या दिवशी मायलेकी त्या वेळी बाजारात. त्यामुळे सहा ते सात घरात फक्त मी, आई आणि चीन.

चिनी नावं आईच्या जिभेवर बसेनात, तेव्हा तिनं सगळ्यांचं बारसं केलं. नवरी झाली शकू, कारण आईच्या वर्गातली शकू अशीच मान ताठ ठेवून चालायची. करारी सासू म्हणजे थोरल्या. शकूचा नवरा दादासाहेब. शकू सरदाराची मुलगी, तलवार चालवणारी, हिशेबात पक्की, सासरची अब्रू आणि कोठार दोन्ही सांभाळणारी. आई तिच्यावर बेहद्द खूश होती.

"बघ, बोलते कमी. पण बोलली की समोरच्याचं खलास!" आई म्हणायची. (हा अरबी वळणाचा खलास ती पार्कातून शिकून आली होती.)

सगळं सुखात चाललं होतं आणि मुग्धाला रुवैसहून नोकरी आली.

रुवैस म्हणजे अबूधाबीच्याही पलीकडे, रिफायनरीचं गाव. आमच्या दारापासून गाडीनं चार तास. मुग्धा केमिकल इंजिनीअर, सेफ्टीत काम करणारी. दहा वर्षं असल्याच प्लांटची वाट बघत होती. सोमवार ते शुक्रवार तिथे राहायचं, शनिवार-रविवार घरी.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"तू ठरवशील ते!" मी म्हणालो. मी आधुनिक नवरा आहे. पण डोळ्यांसमोर कोण उभं राहिलं? ईराचा डबा, कुकर, वॉशिंग मशीन, पालकसभा... आणि या सगळ्यांसमोर एकटा मी!

"आईंना विचारते," मुग्धा म्हणाली. "त्या नको म्हणाल्या तर माझं मन नाही व्हायचं. दोन आठवड्यांनी, सोमवारी उत्तर द्यायचंय."

त्याच रात्री तिनं विचारलं, तर आई म्हणाली, "विचार करून सांगते." म्हणजे सगळं आईवर आलं. आणि आईचे कान रोज सहा ते सात माझ्या ताब्यात होते!

दुसऱ्याच दिवशी, चौदाव्या भागात, शकूला बादशहाचा हुकूम आला. सरहद्दीवर फौज घेऊन जा. शकूनं गुडघे टेकून दोन्ही हातांनी तो स्वीकारला. मी घसा साफ केला.

"ती नाही म्हणतेय, आई. म्हणते, माझी जागा घरात. घरचं कर्तव्य आधी."

"गुडघे टेकून नाही म्हणतेय?"

"तिकडची पद्धत आहे."

आईनं वात वळली. मला वाटलं, काम झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण शकू घरात का अडकलीय? दादासाहेब काय करतात? हातपाय धड आहेत ना त्यांचे?"

हे मी धरलंच नव्हतं! पडद्यावर दादासाहेब दारू पिऊन आडवे झाले होते. "धड कुठे?" मी म्हणालो. "अर्धांगवायू झालाय बिचाऱ्यांना."

"अरे देवा! कालपर्यंत तर जेवत होते."

"अचानकच झालं."

पुढच्या दिवशी शकूनं चिलखत चढवलं. मी सांगितलं, ठेवणीतलं आहे, वर्षातून एकदा ऊन दाखवतात, आपल्या पैठणीसारखं. त्याच्या पुढच्या दिवशी ती मैदानात घोड्यावर आणि मागे दोन हजार माणसं.

"ही कोण?"

"वरात आहे."

"भाले घेऊन?"

"तिकडची पद्धत आहे."

आणि सोळाव्या भागात, ज्यांच्यासाठी आईनं आदल्याच दिवशी निर्गुडीचा लेप सुचवला होता ते दादासाहेब, टुणकन उडी मारून घोड्यावर बसले!

आईचा हात कापसात थांबला. "मंद्या, हे बरे झाले?"

खरं सांगायची ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, "ते दादासाहेब नाहीत. त्यांचा जुळा भाऊ आहे."

हा जुळा भाऊ मी जन्माला घातला आणि त्यानं माझं वाटोळं केलं. कारण आईला तो फार आवडला! दादासाहेब अंथरुणात पडलेले आणि हा गडी घोड्यावर बसतो, शकूच्या घोड्याला चारा घालतो, थोरल्यांना औषध देतो. "याला म्हणतात कर्ता पुरुष!" आई म्हणायची आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघायची. अंथरुणातले दादासाहेब पुन्हा दिसेनात, याचंही कारण द्यावं लागलं. ("हवापालट. माथेरानसारखं ठिकाण आहे तिकडे.") रोज रात्री मी दुसऱ्या दिवशीचा भाग फोनवर आधी बघून ठेवू लागलो. एवढा अभ्यास मी बारावीला केला असता तर मीच रुवैसला गेलो असतो!

तरी तेविसाव्या भागानं घात केला. जुळ्या भावानं शकूला मिठी मारली. साधीसुधी नव्हे. वाऱ्यावर फुलं उधळलेली, बासरी, गोल फिरणारा कॅमेरा!

आईनं टीव्ही बंद केला. "दीर ना हा?"

"अगं, तिकडची पद्धत..."

"कुठलीच पद्धत नाही ही! नवरा तिकडे हवापालटाला पडलाय आणि ही..." शकूवर तिचा एवढा विश्वास होता! रात्री ती धड जेवली नाही. सकाळी पार्कात जाऊन तिनं बाकावर विषय काढला आणि बाक फुटला. केरळच्या आजी शकूच्या बाजूनं, गुजराती आजी थोरल्यांच्या बाजूनं.

लिन आजी तेवढ्या गप्प होत्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौदाव्या मजल्यावर त्या नातू सांभाळायला चीनहून आल्या होत्या. आई आणि त्यांच्यात समान भाषा एकही नव्हती आणि मैत्री घट्ट. त्यांनी पहिल्यांदा वाफवलेले, मोदकांच्या चुलत भावंडांसारखे दिसणारे पदार्थ आणले, तेव्हा आत मांस नाही ना हे विचारायला आईनं डोक्याला दोन बोटं लावून शिंगं केली होती. लिन आजींनी हसत हसत कोबीचा गड्डा वर धरला होता. आईनं चकल्या दिल्या. झाली मैत्री!

त्या दिवशी आईनं त्यांना फोनवरचं शकूचं चित्र दाखवलं. लिन आजींचा चेहरा उजळला. त्यांनीही ती मालिका पाहिली होती. आई घरी येऊन म्हणाली, "आज संध्याकाळी त्यांना बोलावलंय. भाषा त्यांची आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेल, शकू खरंच तसली आहे का ते."

त्या शुक्रवारी नेमकी ईराच्या पोहण्याच्या क्लासला सुट्टी. म्हणजे ईरा घरी! मुग्धाही लवकर आलेली. मी डोकं दुखण्यापासून वाय-फाय बंद पडण्यापर्यंत सगळं करून पाहिलं. वाय-फाय ईरानं दोन मिनिटांत चालू केलं.

चोविसावा भाग. सोफ्यावर आई, लिन आजी, ईरा. मुग्धा खाली बसून मटार सोलतेय. पडद्यावर पहाट, शकू उभी आणि थोरल्या स्वतःच्या हातांनी तिला चिलखत बांधतायत.

"थोरल्या म्हणतायत," मी क्षीण आवाजात सुरू केलं, "चिलखत काढ. स्वयंपाकघरात चल."

"काढ म्हणतायत आणि गाठी मारतायत?" आई म्हणाली.

"घट्ट बसलंय. सोडवतायत."

शेजारी लिन आजींच्या डोळ्यांना धार लागली होती. स्वयंपाकघरात चल म्हटल्यावर कुणी एवढं रडत नाही. आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा," ईरा म्हणाली, "व्हॉट आर यू सेइंग? दॅट्स नॉट व्हॉट इट सेज!"

"ईरा, यल्ला, चल, होमवर्क..."

"तू वाच गं," आई म्हणाली. "हळू वाच."

ईरानं वाचलं, "गो. आय विल कीप द हाउस. यू कीप द बॉर्डर."

"गो म्हणजे जा," आई सावकाश म्हणाली. "एवढं मला येतं." मग तिनं जुळ्या भावाकडे बोट केलं. "आणि हा? हिचा दीर ना?"

"व्हॉट दीर? आजी, दॅट्स हर हजबंड!"

"नवराच आहे?" आईनं हात जोडले. "सुटले गं बाई! माझी शकू तसली नव्हतीच!" तिनं आनंदानं लिन आजींना मिठी मारली, त्यांनीही मारली आणि माझ्या मनात एक वेडी आशा उगवली की या आनंदात मला सगळे विसरतील.

"मंदार," मुग्धा शांतपणे म्हणाली. मटार सोलणं थांबलं होतं. "शकूनं घरातच राहायचं असं तू कधीपासून सांगतोयस?"

"अकरा भाग झाले," आई म्हणाली.

मुग्धानं बोटांवर मोजलं. मोजायला तिला वेळ लागला नाही, इंजिनीअर आहे. "माझं ऑफर लेटर आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. वा रे तू ठरवशील ते!"

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती कापसाचा पुंजका बोटांत फिरवत होती.

"मलाही आलं होतं नेमणुकीचं पत्र," ती म्हणाली. "जुन्नरला, शाळेत. तुझ्या वडिलांनी नको म्हटलं नाही हो. तेही म्हणाले, तू ठरव. आणि मग रोज जेवताना कुणाच्या तरी मोडलेल्या संसाराची गोष्ट सांगायचे. तुझ्यासारखीच. मी महिनाभर ऐकलं आणि पत्र चुलीत घातलं." मग मुग्धाकडे वळून म्हणाली, "मला कुणी चिलखत बांधलं नाही. तुला मी बांधते. सोमवारी हो म्हणून कळव. मी व्हिसा महिनाभर वाढवून घेते आणि या गड्याला कुकर लावायला शिकवते."

मुग्धा निघाली त्या पहाटे आईनं तिची ओटी भरली. नारळ, तांदूळ आणि शेजारी पांढरं सेफ्टी हेल्मेट. हेल्मेटला हळदकुंकू लावलं, ते मुग्धाच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा स्वतः बांधला. लिन आजी दारात उभ्या राहून पुन्हा रडत होत्या. या वेळी त्यांना कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

आता लिन आजी चीनला परत गेल्या आहेत. आई चिंचवडला. मुग्धा दर शुक्रवारी संध्याकाळी वाळूनं माखलेली गाडी घेऊन येते आणि प्लांटच्या गोष्टी सांगते. माझी आमटी आता खाण्याजोगी झालीय. (ईरा म्हणते, "इट्स ओके." बारा वर्षांपासून पंधरापर्यंतचा तिचा हा सर्वोच्च पुरस्कार.) पण संध्याकाळचे सहा वाजले की सोफ्याची ती बाजू रिकामी दिसते. मी एकदा एकट्यानं ती मालिका पुढे लावून बघितली. पाच मिनिटांत बंद केली. "हा कोण?" असं विचारणारं शेजारी कुणी नसेल तर चीनच्या बादशहाचं मला काय करायचंय? आयुष्यात आईनं माझं सलग तासभर ऐकून घेतलं ते तेव्हाच आणि तेव्हा मी थापा मारत होतो.

परवा फोनवर सांगत होती, डिसेंबरात येतेय. मला इतका आनंद झाला!

"आई, मी रजा घेतो," मी म्हणालो. "तुला घ्यायला स्वतः चिंचवडला येतो. विमानात शेजारी बसून नवी मालिका अगदी खरीखरी सांगतो!"

"तू नको येऊस," आई म्हणाली. "तुझ्या त्या जुळ्या भावाला पाठव. तो तरी कामाचा होता."