मावशीचं नाव मी खोडलं

त्या विधानसभेला मत द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि ते कुणापासून लपवलंही नव्हतं. माझं तोंड मुळातच फाटकं. शाळेच्या स्टाफरूममध्ये, भाजीवालीपुढं, घरी नवऱ्यापुढं, जिथं विषय निघेल तिथं मी सुरू व्हायचे. "मेल्यांना या खेपेला माझं बोट मिळणार नाही, सांगून ठेवते."

कारण ऐका. मागच्या खेपेला मी एका माणसाला मत दिलं ते केवळ तो दुसऱ्याच्या विरोधात उभा होता म्हणून. दीड-दोन वर्षांत हा गडी त्या दुसऱ्याच्याच मांडीला मांडी लावून बसला. आमच्या पुंडलिकनगरच्या चौकात फ्लेक्स लागला, दोघं शेजारी शेजारी हसतायत, खाली लिहिलंय 'विकासासाठी एकत्र'. कसला डोंबलाचा विकास! आमच्या नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी येतं. पाण्याच्या दिवशी मी शाळेत अर्धी रजा टाकते, हंडे, पिंपं, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवते. आणि हे विकासासाठी एकत्र! माझं मत उचललं आणि ज्याच्याविरुद्ध दिलं होतं त्याच्याच ओटीत नेऊन घातलं. मला विचारलं कुणी? भाजीवाली वांग्याच्या बदल्यात दोडका घालते तर आधी विचारते, "ताई, चालंल का?"

नवरा चिकलठाण्याच्या कंपनीत सुपरवायझर. माणूस शांत, त्यामुळं मला जास्तच संताप येतो. तो म्हणायचा, "अगं, दगडापेक्षा वीट मऊ. त्यातल्या त्यात बरा बघायचा."

"दगड काय नि वीट काय, डोक्यात बसायचं ते बसतंच."

"मग नोटा दाब."

"त्यानं काय होतं? सगळ्या गावानं नोटा दाबला तरी त्याच्या खालोखाल मतं मिळालेला निवडून येतो. माझा निषेध यांच्या खिजगणतीत नाही, तर मी तिथं जाऊन रांगेत पाय कशाला मोडू?"

"तू बीएलओ आहेस," तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "लोकांना मतदान करा म्हणत दारोदार फिरतेस."

तीच तर गंमत होती. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, आणि शिक्षक म्हटलं की सरकारला जनगणनेपासून मतदार यादीपर्यंत सगळं आठवतं, शिकवणं सोडून. आमच्या भागाच्या यादीचं, म्हणजे बीएलओचं, काम माझ्याकडं. घरोघर जायचं, नवी नावं घ्यायची, मेलेल्यांची काढायची, कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं ते लिहायचं. शिवाय पोरांची प्रभातफेरी काढायची. सकाळी साडेसातला मी पोरांच्या पुढं चालत ओरडायचे, "मताचा अधिकार," पोरं मागून ओरडायची, "बजावा सरकार!" आणि मनातल्या मनात मी म्हणायचे, बजावा, बजावा, मी नाही बजावणार जा.

आता जे सांगते ते त्याच वर्षीच्या श्रावणातलं. यादीची पडताळणी चालू होती. शाळा सुटल्यावर, ऊन-पाऊस दोन्ही अंगावर घेत, हातात फायली घेऊन मी गल्ल्या पालथ्या घालत होते. आमच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत, एका बंगल्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची खोली आहे. तिथं एक मावशी राहते. विधवा, सत्तरीच्या पुढची, मुलांच्या मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटून देते. मुलगा नाही. एकच लेक, सोयगावला दिलेली. मी तिला तोंडओळखीनं ओळखत होते, सगळे ओळखतात तसं. त्या दिवशी गेले तर दाराला कुलूप. बंगल्यातल्या बाईनं गच्चीवरून सांगितलं, "मावशी गेली सोयगावला. लेकीचं ऑपरेशन झालं ना पिशवीचं."

नियम असा, की कुलूप दिसलं तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं. तरी माणूस नाही भेटलं, शेजाऱ्यांनी सांगितलं की कायमचं गेलंय, तरच नाव काढायची शिफारस करायची. मी एकदाच गेले होते. पायरीवर टेकून फायलीत तीन तारखा लिहिल्या, त्यातल्या दोन खोट्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं, स्थलांतरित. एवढ्या वयाची बाई लेकीकडं गेली, आता कशाला येतीय परत, असा विचार मी केला. खरं सांगू? एवढाही केला नाही. मनात एवढंच होतं, की राहिलं नाव तर कुणाला देणार आहे मत, आणि दिलं तरी ते चोरच खाणार आहेत. मला स्वतःचं मत नकोसं झालं होतं, त्यामुळं तिचंही मला कवडीमोलाचं वाटलं. सही ठोकली आणि पुढच्या घरी गेले.

पुढं नोटीस निघाली असेल, त्या कुलूपबंद दाराखालच्या फटीतून आत पडली असेल. मावशीला वाचता येतं ते जेमतेम सहीपुरतं. महिन्याभरानं ती परत आली, पोळ्या लाटायला लागली. तिच्या गल्लीच्या तोंडावरून मी रोज शाळेत जात होते. एकदाही माझी मान तिकडं वळली नाही.

मतदानाच्या दिवशी आमचं मदत टेबल शाळेच्या फाटकाशी. मी यादी घेऊन बसलेली. लोक यायचे, मी अनुक्रमांक, खोली नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. दुपारी तीनच्या सुमाराला मावशी आली. मेसचं सकाळचं आटोपून, अंघोळ करून, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. मतदान कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.

"बाई, मपली चिठ्ठी काही आली नाय घरला. बघ बरं नंबर."

मी नाव शोधलं. सापडलं, त्यावर वगळल्याची खूण. मला एका क्षणात ती पायरी, तो श्रावण, ती गच्चीवरची बाई, सगळं आठवलं. आणि मी, मुलांना खरं बोलावं म्हणून निबंध लिहायला लावणारी मी, काय म्हणाले? "मावशी, नाव दिसत नाही. कॉम्प्युटरमधून गेलं वाटतं."

"आसं कसं जातंय? कार्ड हाय की."

ती थेट आत गेली. तिचा आवाज मला फाटकाशी ऐकू येत होता. "मी जित्ती हाय. हितंच राहते. ह्या पोलीसदादाला इचारा, ह्याच्या पोराला मपल्याच हातची पोळी जाती." केंद्राध्यक्ष समजावत होता, की कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागतं, त्याच्या हातात काही नाही. मग मला नको होतं ते त्यानं सांगितलंच. "बाहेर बीएलओ मॅडम आहेत, त्यांना विचारा नाव का गेलं."

ती परत आली. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"कुणी काढलं गं?"

मला अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. वर तहसील आहे, त्याच्या वर आयोग आहे, आपल्याकडं ढकलायला वर कायम कुणीतरी असतंच. पण ते हात बघून जीभ वळेना.

"मी काढलं, मावशी. तुम्ही सोयगावला होतात. कुलूप होतं. मला वाटलं, लेकीकडंच राहिलात."

तिचा आवाज असा चढला की रांगेतली माणसं वळली. "लेकीच्या दारी कुणी कायमचं राहातंय व्हय? तू शिकलेली, लेकरांची बाई, तुला एवढी रीत कळंना? पोरीचं शिवलेलं पोट सांभाळत महिनाभर तिची भांडी घासली अन् जावयाच्या घरचं पाणी उगी जड व्हायच्या आत आले मी माघारी. कितींदा आल्तीस बघाया?"

"एकदा."

"एकदा आली अन् मला घालवून मोकळी झाली!"

तिनं माझा हात धरून उलटा केला. तर्जनी बघितली. कोरी.

"तू नाय टाकलं आजून?"

"मी टाकणार नाहीये," मी म्हणाले, आणि तेव्हासुद्धा माझ्यातला तो राग फणा काढून उभा राहिला. "कुणाला टाकू, मावशी? सगळे एका माळेचे मणी. एकाला द्यावं तर तो दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो. आपलं कोण आहे त्यात?"

"आपलं?" ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "अगं, आपलं समजून कोण देतंय? मी काय त्यांची वरमाय हाय? मी निवडून द्याया येतच नाय. मी पाडाया येते. पाच वर्सं ज्यानं तोंड दाखवलं नाय त्याला पाडायचं, बास. कवा पडतोय, कवा नाय पडत. पण माझा धक्का बसल्याबिगर तर नाय सुटत. मालक जित्ते व्हते तवा सांगायचे, हितं शिक्का मार. मी व्हय म्हणायची अन् आत जाऊन मला पायजे तिथं मारायची. त्या पडद्यामागं मला कुणी आडवं आलं नाय जल्मात. नवरा नाय, सासू नाय. तू आलीस."

माझ्या कानशिलात मारली असती तरी चाललं असतं. मी काय करावं ते सुचेना, आणि न सुचलं की माणूस सगळ्यात मोठा मूर्खपणा करतो. मी म्हणाले, "मावशी, माझं मत घ्या. सांगा कुणाला, आत्ता जाऊन दाबते. तुमच्याच नावानं."

ते ऐकून ती जी चिडली, ती आधीच्या चिडण्यापेक्षा वेगळीच. आवाज एकदम खाली आला.

"तुला नगं हाय म्हणून मला देतीस? रातचं उरलेलं कालवण मोलकरणीला द्यावं तसं? मला मपलं पायजे व्हतं. तुझं तू खा नायतर टाकून दे."

पिशवीला परत रबर लावून ती निघून गेली. हिरवी साडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते. रांगेतल्या एका गृहस्थानं दात काढत विचारलं, "काय मॅडम, म्हातारी लई तापली?" त्याला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

साडेपाच वाजता मी उठले आणि रांगेत उभी राहिले. माझं कुणाबद्दलचंही मत बदललं नव्हतं, अजूनही नाही. उमेदवारांच्या यादीत एकही माणूस मला माझा वाटला नाही. उभ्या उभ्या मला राग येत होता, त्या फ्लेक्सवरच्या दोघांचा, नळाचा, त्या तीन तारखांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी कित्येक महिने बोंबलत हिंडत होते, की यांच्या लेखी माझ्या मताला किंमत नाही. आणि किंमत नाही असं धरून एका माणसाचं मत खरोखर कुणी पुसून टाकलं, तर ते मी. पुढाऱ्यांना ते जमलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, सासूला जमलं नव्हतं. मी दोन खोट्या तारखांत करून दाखवलं. आत गेले, बोटाला शाई लावून घेतली आणि मागच्या खेपेला मत दिलेल्या, फ्लेक्सवरच्या त्या माणसाला पाडायला जिथं दाबावं लागत होतं, तिथं दाबलं. अंगठा दुखेपर्यंत.

तो निवडून आलाच. गुलाल उधळत मिरवणूक आमच्याच रस्त्यानं गेली. त्या दिवशी पाण्याचा दिवस होता आणि पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाव नोंदणीचा फॉर्म घेऊन मावशीच्या खोलीवर गेले. ती दारात गव्हातले खडे निवडत बसलेली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी खालीच बसले, मांडीवर फाईल घेऊन फॉर्म भरला, फोटो चिकटवला. सही करायच्या आधी तिनं फॉर्मच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिव्हलंय?"

"नवीन मतदारांसाठी अर्ज."

"नवीन?" ती म्हणाली. "मपलं पयलं मत टाकलं तवा तुझ्या आईचं लगीन झालं नसंल."

"दुसरा फॉर्मच नाही, मावशी."

तिनं पेन घेतलं. एकेक अक्षर दाबून दाबून सही केली. मग पेन माझ्या हातात देत तिनं विचारलं, "आता ह्याला पाडायचं पुढचं कवा?"

"पाच वर्षांनी."

मावशीनं सूप उचललं, गहू पाखडायला सुरुवात केली, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "म्हंजी तवर मरायची बी सोय ठिवली नाय तू मला, भवाने."

मी फाईल उचलून रस्त्याला लागले.