हद्दीचा दगड

माझे सासरे रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज सकाळी रूळ तपासत निघायचे आणि हद्दीच्या दगडापाशी थांबायचे. पलीकडून पुढच्या हद्दीचा गँगमन यायचा. दोघांनी पितळी बिल्ले बदलायचे, म्हणजे दोघंही पुरतं चालून आले याची खात्री. मग तिथंच बसून तंबाखू, घटकाभर गप्पा, आणि आपापल्या वाटेने परत. उभ्या नोकरीत एकमेकांचं घर काही त्यांनी पाहिलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "माझ्याशी वर्षभर बोलत नाहीत, तेवढं तिथं बोलून येतात."

लाइन बंद पडली, रूळ झाडाझुडपांत बुडाले आणि भेट तुटली. मामंजी जेवताना मध्येच विचारायचे, "त्याचा खोकला थांबला असेल का गं?" आता मला कुठून ठाऊक!

पुढे रूळ उखडून तिथे लोकांना फिरायला गुळगुळीत रस्ता केला. पहिल्याच दिवशी मामंजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले. दगड कडेला तसाच होता. तिथे दुपारपर्यंत बसले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"अहो मामंजी, पुढे जाऊन विचारा ना कुणाला तरी!"

"पुढची हद्द त्याची. त्याचा तो येईल."

सायकलवाले, पळणारे, त्यांची कुत्री, सगळं जग तो दगड ओलांडत होतं. हे शहाणे मात्र अलीकडेच! रोज संध्याकाळी त्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना. दोन महिन्यांनी माझं डोकं फिरलं. त्यांचा हात धरला आणि ओढतच पलीकडे नेलं.

विचारत विचारत घर सापडलं, अगदी रस्त्याला लागून. दारात त्या गँगमनची मुलगी आली.

"बाबा गेले हो, महिना झाला. रस्ता झाल्यापासून एकच धोशा होता, मला उचलून दगडापाशी नेऊन बसवा. म्हणायचे, तो हद्द ओलांडायचा नाही, मलाच जायला हवं."

"मग नेलं का नाही?" मी तिच्यावरच खेकसले.

"अंथरुणाला खिळलेला माणूस. आम्हाला वाटलं, वातात बडबडतायत. इतक्या वर्षांनी तिथं कोण बसलेलं असणार?"

मामंजी उंबऱ्यातच खाली बसले.

"मी होतो ना, बाळ," ते म्हणाले. "मी रोज होतो."