सिमसिम आणि मयूरशर्मा

दुबईला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोनच मोलाच्या वस्तू होत्या: मयूरशर्म्यावरचं माझं व्याख्यान आणि बायकोने केलेले अनारसे. वय बासष्ट, विमानप्रवास पहिलाच. सांगलीत जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, जोडीला भिक्षुकी केली. दुबईतल्या भाच्याने, अविनाशने, तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी कार्यक्रमाला बोलावलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

मयूरशर्मा माझा जुना लाडका. वेदविद्येचा ब्राह्मण, कांचीच्या घटिकेत (विद्यापीठात) शिकायला गेला. तिथे पल्लवांच्या घोडेस्वाराशी भांडण झालं, अपमान झाला. आणि दर्भ-समिधा धरणाऱ्या हाताने त्याने तलवार उचलली. पुढे कदंबांचं राजघराणं उभं केलं. विमानात शेजारच्या शरीफभाईंना मी हे सगळं ऐकवलं. ते रत्नागिरीचे, दुबईतल्या जबल अली बंदराच्या गोदामात बारा वर्षं नोकरीला.

"जबरदस्त माणूस," ते म्हणाले. "आपण तर साहेबाने आवाज चढवला तरी मान खाली घालतो."

मग काय, धैर्य कशाला म्हणतात ते मी त्यांना दुबई येईपर्यंत समजावून सांगितलं.

उतरलो. थंडगार, लखलखीत विमानतळ. माझी पाठ धरली होती, म्हणून शरीफभाईंनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. कस्टमच्या रांगेत त्यांनी विचारलं, "काका, काय भरलंय एवढं?"

"अनारसे. भाच्यासाठी."

"खसखस लावलेले?"

"म्हणजे काय! खसखशीशिवाय अनारसा होतो का?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "या अल्ला! हळू बोला. इथे खसखस म्हणजे अफूच. सरळ आत टाकतात."

माझा व्हिसा अविनाशने काढलेला. मी अडकलो तर त्याची नोकरी, त्याचा संसार, सगळंच बोंबललं असतं. मागे माणसं, पुढे पोलीस, डबा टाकायला जागा नाही. रोजचं स्तोत्र म्हणायला घेतलं, तर दुसरी ओळच आठवेना.

"किसका बॅग?" अधिकाऱ्याने विचारलं.

शरीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं दोन श्वास थांबले ते. 'मेरा' एवढंच म्हणायचं होतं मला. मी आपल्या चपलांकडे बघत राहिलो.

"मेरा," शरीफभाई म्हणाले.

डबा उघडला. अधिकाऱ्याने एक अनारसा उलटसुलट करून दाण्यांवरून नख फिरवलं.

"सिमसिम (तीळ)," शरीफभाई हसून म्हणाले. "मिठाई है, हबीबी."

अधिकाऱ्याने वास घेतला, झाकण लावलं. "यल्ला (चला)."

बाहेर भट्टीसारखा वारा. शरीफभाईंनी सगळे अनारसे कचऱ्यात ओतले आणि फुटपाथवर मटकन बसले. त्यांचे पाय लटपटत होते.

"मेलो होतो काका. तीन पोरी आहेत मला."

माफी मागायची होती. तोंडून निघालं काय, तर, "डबा ठेवा तुम्हाला." काय हा करंटेपणा! ते हसले, डबा माझ्या हातात दिला आणि कंपनीची बस आली तशी धावत गेले.

पुढचे चार दिवस अविनाशने हौसेने फिरवलं. खाडीत अब्रात (लाकडी होडीत) बसवलं, मऊ लुसलुशीत खजूर खाऊ घातले. पण गणवेश दिसला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. आता पकडतात की मग, एवढंच डोक्यात.

व्याख्यानात तलवारीपर्यंत आलो आणि आवाज बसला. पुढे बसलेली अविनाशची आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "आजोबा, वॉज ही स्केअर्ड?"

इतकी वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मलाही पडला नव्हता.

"शिलालेखात तसं नाही," मी म्हणालो. "पण घाबरला असणार. पाय लटपटले असणार. मी बघितलाय तसा माणूस."

"किंग?"

"नाही गं. गोदामात नोकरीला आहे." आणि मग चपलांकडे बघण्यासकट सगळं सांगून टाकलं. अविनाश खाली बघत होता.

सांगलीला परतल्यावर माफीचं पत्र लिहिलं. चार पानं झाली. पाकीट घेतलं आणि हात थांबला. शरीफभाईंचं आडनाव मला ठाऊक नव्हतं, कंपनी नाही, रत्नागिरीतलं गावही नाही. विमानात एवढा वेळ शेजारी बसलो होतो. सगळा वेळ मीच बोलत होतो.