ग्राउनॉकवरून घर दिसतं का

"मी नॉकवर जाणार आहे," बुर्गलकाकू म्हणाली. बटाटा सोलत होती. सालाची पट्टी मधे तुटू द्यायची नाही, ही तिची जुनी सवय.

मी विचारलं, "कुठल्या नॉकवर?"

"आपल्याकडे किती आहेत?"

एकच आहे. ग्राउनॉक, समोरचा डोंगर. काकूच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत तो पायापासून माथ्यावरच्या क्रुसापर्यंत सबंध मावतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्याच्यासमोर भांडी घासतेय, आणि वर एकदाही गेलेली नाही. जायचे ते सेवेरिनकाका. काकू बघायची.

आमच्या खोऱ्यात तशी रीतच आहे. घरातलं माणूस माथ्यावर निघालं की घरातल्याच कोणीतरी हातातलं काम टाकून त्याच्यावर नजर ठेवायची. वर पोचलेला खिशातला आरसा उन्हात धरतो, लुकलुक करतो. खालचा बाल्कनीतून काहीतरी फडकावतो. हल्ली सगळ्यांच्या खिशात फोन असतात, तरी रीत सुटलेली नाही. वरून फोटो पाठवणाऱ्या पोरालाही आई संध्याकाळी विचारतेच, "ते राहू दे, आरसा का नाही दाखवलास?"

काकूच्या बाल्कनीत म्हणून एका डोळ्याने बघायची शिकाऱ्यांची दुर्बीण कायम तिकाटण्यावर बसवलेली. काकांचा आरसा चमकला की ती कमरेचा निळा एप्रन सोडायची आणि हवेत हलवायची. संध्याकाळी काका बूट काढता काढता म्हणायचे, "दिसलीस. निळा एप्रन." की झालं. त्या दोघांचं त्यापुढे त्या विषयावर कधी बोलणं झालेलं मला आठवत नाही.

काका नोव्हेंबरात गेले. डोंगरावर नाही, गॅरेजमध्ये. गाडीला थंडीचे, बर्फावर न घसरणारे टायर चढवत होते. दोन चढवून झाले होते, तिसऱ्याचे नट सैल करायला खाली बसले ते बसलेच. गाडी अजून तशीच उभी आहे, पुढे थंडीचे टायर आणि मागे उन्हाळ्याचे.

काकू रडली नाही. दफनाच्या दिवशी आलेल्या-गेलेल्याला सूप वाढत होती, कुणाला मीठ कमी लागलं का विचारत होती. शेजारणी म्हणाल्या, "बुर्गल, मन मोकळं कर गं." ही म्हणाली, "करते हं," आणि ताटं उचलली. पुढे मला एकदा सांगितलं, "दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल कसा होतो बघ, आफ्रा. असतो आपलाच, पण हात लावला तर परक्याचा वाटतो. तसं आहे. त्रास काही नाही."

म्हणून मी जरा जपूनच विचारलं, "काकू, वर कशाला जायचंय?"

"घर दिसतं का ते बघायला."

"दिसणारच की. इथून तो दिसतो म्हटल्यावर..."

"घर दिसेल गं. माणूस दिसतं का?" तिने बटाटा पाण्यात टाकला. "तो म्हणायचा, दिसलीस. खरंच दिसायचे का मी, तेवढंच बघायचंय. बाकी काही नाही."

बाकी काही नाही, हे ती भाजीवाल्याला सांगावं तसं बोलली.

दुसऱ्या दिवशी कासियान आला. काकांचा डोंगरातला जुना जोडीदार, स्कीच्या लिफ्टवरच्या नोकरीतून निवृत्त झालेला, तोंडाने फटकळ. आल्या आल्या त्याने काकूचे डोंगरातले बूट मागितले. ते माळ्यावर खिळ्याला टांगलेले होते, तेल लावून चकचकीत. कासियानने एक बूट गुडघ्यांत धरला, तळवा चिमटीत पकडला आणि केळं सोलावं तसा सोलून टेबलावर ठेवला.

"हे काय केलंस!" काकू म्हणाली.

"मी काय केलं? वीस वर्षं टांगून ठेवलेस तू. आतला डिंक मेला. हे वर उतारावर झालं असतं तर मोज्यावर खाली आली असतीस."

"चामडं चांगलं आहे अजून."

"चामडं तुझ्यापेक्षा चांगलं आहे. चालायचंय तळव्यावर."

नवे बूट आले. ते पायात मुरावेत म्हणून काकू ते घालूनच गायींचं करायला लागली, ते घालूनच चर्चमध्ये गेली. पाठीवर सॅक, सॅकमध्ये बटाटे, आणि घरामागच्या उभ्या कुरणातून वर-खाली. वर्षानुवर्षं त्या कुरणात विळा चालवलेला, तिला धाप लागत नव्हती. मी विचारायचे, "कसं वाटतंय?" ती म्हणायची, "बटाटे जड आहेत."

शनिवारी आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. कोपऱ्यातल्या क्रुसामागे काकांचं फोटोचं कार्ड खोचलेलं, दफनाच्या दिवशी वाटतात ते. कासियानने नकाशा आणला होता. काकूने तो बाजूला सारला, पोळपाटावर पीठ पसरलं आणि बोटाने रेघ ओढायला लागली.

"इथे पाइनची झाडं संपतात. इथून घसारा. ही डोंगराची पुढची सोंड. आणि हा इथे," तिने पिठात खळगा केला, "हा इथे तो सिगारेट ओढायचा."

कासियानने वर बघितलं. "कोण?"

"सेवेरिन. दुसरं कोण? प्रत्येक वेळी इथे गायब. मी आपली दुर्बिणीला डोळा लावून उभी, दूध उतू जातंय, आणि हा बाबा निवांत बसलाय. घरी आला की मी शिव्या घालायचे. तर म्हणायचा, अगं एक ओढली, बस."

"बुर्गल, सिगारेट सोडली होती त्याने. आम्ही दोघांनी मिळूनच सोडली."

"घरात सोडली होती. तिथे ओढायचा."

"तिथे?" कासियानने डोक्यावरची टोपी काढली. "तिथे दोन्ही हात दोराला असतात."

 मग कासियानने पिठातल्या खळग्यात बोट घातलं आणि तो पार लाकडापर्यंत खोल केला. "खाच आहे इथे. सोंडेच्या मागे. खालून बघितलं तर सोंड आणि माथा चिकटलेले वाटतात, ते चिकटलेले नाहीत. दोर धरून कातळावरून खाली उतरायचं आणि पलीकडून पुन्हा चढायचं. त्याशिवाय वर जायची वाट नाही."

"किती खाली?"

"चर्चच्या घंटेपासून दारापर्यंत असेल."

काकू पिठाकडे बघत होती. तिला वाट तोंडपाठ होती, पण दुर्बिणीतली. दुर्बिणीत सगळंच एका भिंतीवर चितारल्यासारखं दिसतं, पुढचं काय आणि मागचं काय ते कळत नाही.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"मग!"

तिने हाताने पीठ गोळा केलं, डब्यात परत टाकलं. बराच वेळ डब्याचं झाकण नीट बसतंय का ते बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सिगारेट खोटी."

"आता एवढ्या तेवढ्यावरून..."

"एप्रनचं काय, कासियान? तू असायचास बरोबर. दिसायचा का?"

कासियानने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "हवेवर असतं ते. तो बघायचा बराच वेळ. मी पावाबरोबरचं स्पेक कापायच्या गडबडीत असायचो."

"तुला विचारून उपयोग नाही."

"मी काय म्हणतो, बुर्गल, सोंडेपर्यंत जाऊ. तिथूनही छान दिसतं सगळं."

"तो सोंडेवरून नाही म्हणायचा, दिसलीस." ती उठली. "कधी निघायचं ते बोल."

ठरलं असं: सप्टेंबरचा पहिला कोरडा दिवस. उजाडायच्या आत कासियानच्या गाडीने वरच्या गोठ्यापर्यंत. दुपारच्या घंटेला परत फिरायचं, मग पोचलेले असोत वा नसोत, कारण नॉकवर दुपारनंतर ढग भरतात. सॅकमध्ये राय धान्याचा काळा पाव, स्पेकचं खारवलेलं मांस, पुदिन्याचा चहा. कासियानने स्वतःपुरती छोटी बाटली घेतली, "औषध" म्हणून. काकूने काकांचा आरसा घेतला. दाढीचा, गोल, कडेला टवका उडालेला.

निघताना ती मला म्हणाली, "निळा एप्रन दारामागे आहे. इस्त्री करून ठेवलाय. आरसा चमकला की तो हलव. दुसरं काही नको."

"माहिती आहे, काकू."

"आणि रश्श्याला मीठ घालू नकोस. मी घालून ठेवलंय."

काका जायचे तेव्हा मी अंगणात खेळत असायचे. दुर्बिणीला डोळा लावून बसणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. सकाळी थंडी होती, मी माझं लाल जाकीट चढवलं आणि बाल्कनीत बसले. पाइनच्या झाडांच्या वर दोन ठिपके निघाले, एक पुढे, एक मागे. पुढचा काकूचा, ती कशी चालते ते ठिपक्यातही कळत होतं, गोठ्याकडे निघाल्यासारखी. घसाऱ्यावर दोनदा थांबली. सोंडेवर पोचली. सोंडेवर ती बराच वेळ उभी होती, कासियानचा ठिपका तिच्या शेजारी. तो हात हलवून काहीतरी समजावत होता. परत फिरू म्हणत असणार. मलाही वाटलं, फिर बाई आता, झालं तेवढं पुष्कळ झालं.

मग ती गायब झाली. तिच्यामागे कासियान.

दुर्बिणीत नुसता खडक. सोंड आणि माथा, चिकटलेले. मधे काही आहे असं सांगूनही खरं वाटेना. आत रश्श्याला करपल्याचा वास यायला लागला, मी उठले नाही. डोळ्यातून पाणी येत होतं, पापणी न मिटल्यामुळे. मी मनात काकूला शिव्या घातल्या. त्या नेमक्या तिच्याच शिव्या होत्या, एक ओढतेयस का बसून तिथे.

माथ्यावर, क्रुसाच्या बुडाशी, एक ठिपका आला. बसला. पुन्हा उभा राहिला.

आणि चमकलं. एकदा, मग लागोपाठ.

मी अशी उठले की दुर्बिणीचं तिकाटणं आडवं झालं. कठड्यावर चढले, अंगातलं जाकीट ओढून काढलं आणि फडकावत सुटले, तोंडाने ओरडतही होते बहुतेक, कारण शेजारची म्हातारी बाहेर आली. वर पुन्हा लुकलुकलं. मी खांदे भरून येईपर्यंत जाकीट हलवलं. खाली उतरले तेव्हा कुठे एप्रनची आठवण झाली. तो दारामागे होता, चौकोनी घडी घालून खिळ्यावर टाकलेला. आता हलवून काय उपयोग होता? आरसा थांबला होता.

ती दोघं संध्याकाळ व्हायच्या आत आली. कासियान बाकावर बसला आणि त्याने पाय लांब केले. "तुझ्या काकूने खाचेत मला शिकवलं, दोर कसा धरायचा ते! गाय ओढतात तसा, म्हणे."

"तूही तसाच चालत होतास," काकू म्हणाली. तिच्या तळहाताला दोराने सोलवटलं होतं. ती बूट काढायला बसली. नाड्या ओल्या होत्या, सुटेनात.

मी समोर उभी. विचारू की नको, कळेना. विचारलं, "काकू, दिसलं का?"

तिने एक नाडी सोडवली. दुसरीला हात घातला.

"दिसलीस," ती म्हणाली. "निळा एप्रन."

कासियानला एकदम त्याच्या बाटलीचं बूच नीट लावायचं सुचलं. माझ्या अंगात लाल जाकीट होतं. मी म्हटलं, "बरं झालं."

बूट बाजूला ठेवून ती मोज्यांवर स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं, तर मागच्या खिळ्यावर एप्रन. इस्त्रीच्या घड्या जशाच्या तशा. ती त्याच्यासमोर उभी राहिली. मग तिने तो काढला, झटकला आणि कमरेला बांधला. गाठ मारताना तळहात चुरचुरला असणार, तिने तोंडाने श्वास आत ओढला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

ती हाताकडे बघत होती, नव्याच वस्तूकडे बघावं तसं.

"दुखतंय," ती म्हणाली. मग पातेल्याचं झाकण उचलून आत बघितलं. "करपवलास ना? कासियान, उद्या सकाळी ये. गाडीचे टायर तेवढे सारखे करून टाक."