ड्रमची उत्तरपूजा

१९९२ च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची सभा गच्चीवर भरली. हजर सव्वीस सभासद आणि कॉलेजात जाणारी चार मुलं. विषय, निर्माल्यासाठी ड्रम. किंमत एकशे चाळीस रुपये.

मागणी बी विंगमधल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची. तिला आम्ही इन्स्पेक्टर म्हणायचो, कारण समोरच्या तळ्याच्या पायरीवर उभी राहून ती प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायची, "काका, पिशवी उघडा." फुलं, दूर्वा ती ठेवून घ्यायची, प्लॅस्टिक आणि थर्माकोल परत आपल्या हातात. "देवाला फुलं वाहिलीत ना? मग तळ्याला पिशवी कशाला वाहता?" आवाज मात्र कधी चढला नाही.

मी खजिनदार. चौदा वर्षं स्कूटर न थांबवता मी कठड्यावरून पिशवी भिरकावायचो आणि मोकळ्या झालेल्या हातानं नमस्कार करायचो. त्याच उन्हाळ्यात तिनं मला पकडलं. "नेम चांगलाय हो काका तुमचा. आता उतरा आणि काढा." गुडघाभर पाण्यातून मी माझी एक आणि शेजाऱ्यांच्या अकरा पिशव्या काढल्या. त्यामुळे सभेत ड्रमच्या बाजूनं हात वर करणं भागच होतं.

सेक्रेटरींनी अट घातली. ड्रमचा त्रास झाला तर ड्रम जाणार आणि निर्माल्य पूर्वीसारखं तळ्यात. तळं आधीच अर्धं बुजलेलं. इन्स्पेक्टर म्हणाली, "चालेल."

गणपती बसले. पहिल्या दिवशी कोणीतरी ड्रमवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी उदबत्ती लागली. तिसऱ्या दिवशी ए विंगमधल्या काकूंनी नारळ फोडला आणि चौथ्या दिवसापासून लोक ड्रमला प्रदक्षिणा घालून ऑफिसला जाऊ लागले. पाचव्या दिवशी ड्रम काठोकाठ भरला, वास सुटला. पंपाच्या खोलीमागे मुलांनी खताचा खड्डा खणला होता. इन्स्पेक्टर घमेली-फावडी घेऊन आली, तर सेक्रेटरी आडवे.

"देवाच्या ड्रममध्ये फावडं? तेही पायात चपला घालून?"

"अहो काका, तेलाचा ड्रम आहे तो."

"होता."

वास वाढत होता आणि अट सगळ्यांना पाठ होती. इन्स्पेक्टर माझ्याकडे आली. "काका, घरचा गणपती जागेवरून कधी हलवता?"

"उत्तरपूजा झाली की."

"मग याचीही करू. गुरुजींना मी आणते."

गुरुजी मोपेडवरून आले ते घड्याळ बघतच. अजून सात घरं बाकी होती. "देवता कोणती?"

"खत झालं की सांगते, गुरुजी."

गुरुजी हसले नाहीत. मंत्र म्हणून त्यांनी अक्षता टाकल्या आणि रीतीप्रमाणे ड्रम जरासा हलवायला गेले. ड्रम ढिम्म. शेवटी सेक्रेटरींनीच चपला काढून दुसरी बाजू धरली आणि नाक दाबता येत नाही म्हणून खड्ड्यापर्यंत सबंध वाट "मोरया" ओरडत राहिले.

ड्रम राहिला. दोन वर्षांनी इन्स्पेक्टर एम.एस्सी.साठी बाहेरगावी गेली. जाताना फावडं माझ्या हातात देऊन म्हणाली, "यंदा उत्तरपूजा नको काका, नुसतं उचला." मला धीर झाला नाही, गुरुजींना बोलावलंच. पूजा झाल्यावर एकावन्न रुपये पुढे केले. त्यांनी ते परत केले आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं.

दक्षिणा दिली ती अशी: दोन घमेली खत, गुरुजींना, त्यांच्या जास्वंदीसाठी. खताची गोणी त्यांनी मोपेडवर दोन पायांच्या मधे ठेवली, चपलांनी नीट आत सरकवली आणि निघाले. सेक्रेटरी शेजारीच उभे होते. गुरुजींच्या चपलांकडे बघत.