दोन बॉल आणि वरून मी

नानांना मी कधी बॉलकडे बघताना पाहिलं नाही. बॉल डाव्या कोपऱ्यात असला तर त्यांची मान उजवीकडे असायची. मैदानावरचे सगळे "गोल!" म्हणून ओरडले की ते शेजारच्याला शांतपणे विचारायचे, "कोनी मारा?" मेहरूणच्या मैदानावर नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, या म्हाताऱ्याला फुटबॉलमधलं काही कळत नसावं. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

तेव्हा मी नानांच्या क्लबात नव्हतो, समोरच्या संघात होतो. दोंडाईच्याहून जळगावला कॉलेजसाठी आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे वर्गात मी मागे बसायचो, आणि शहरातल्या मोठ्या क्लबात जागा मिळाली तिथेही बाकावरच बसायचो. स्टॉपरच्या, म्हणजे बचावातल्या मधल्या जागेवर माझ्यापुढे दोघं होते. अख्ख्या हंगामात मी अकरा मिनिटं खेळलो.

त्या दिवशी नाना त्यांच्या संघाकडे न थांबता आमच्या बाकामागे येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, पँटला ग्रीसचे जुने डाग. सामना संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "कोनले सांगी ऱ्हायंता रे पोऱ्या?"

मी गोंधळलो. मग लक्षात आलं, आमच्या बचावाच्या मागे समोरचा खेळाडू मोकळा सुटला की मी बाकावरून ओरडत होतो. कुणी ऐकत नव्हतं. शहरात आल्यापासून माझ्याशी अहिराणीत बोललेला तो पहिला माणूस. हॉस्टेलवर हसतील म्हणून मी ती भाषा दाबून ठेवली होती. तरी उत्तर आपोआप अहिराणीतच आलं, "कोनलेच नही, नाना. सवय शे."

ते "हं" म्हणाले आणि निघून गेले.

पंधरा दिवसांनी आमच्या क्लबाने नानांचा फिरोज घेतला. फिरोज म्हणजे त्यांचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड. त्याला त्यांनीच मेहरूणच्या गल्लीतून उचलून तयार केलं होतं. आमच्याकडे छोटे क्लब पैसे घेऊन खेळाडू सोडत नाहीत, पण काहीतरी देण्याची रीत आहे. मोठ्या क्लबाने दोन नवे बॉल दिले, आणि वरून मी. भाजीवाली पिशवीत दोन काड्या कोथिंबीर टाकते तसा. नव्या क्लबात पहिल्याच दिवशी माझं नाव कोथिंबीर पडलं. नानाही हसले. मीही हसलो, पण हॉस्टेलवर परत जाताना मला ते हसू फार जड झालं होतं.

फिरोज गेला म्हणून क्लबातली पोरं चिडली होती. नाना त्यांना म्हणाले, "जाऊ द्या. पोऱ्याले मोठी गाडी भेटनी. आपन रस्तामा आडवं झोपानं का?"

नानांचं आयुष्य बसच्या डेपोत, टायरच्या कामात गेलं होतं. घासलेल्या टायरवर नवं रबर चढवून तो पुन्हा चालवायचा की भंगारात टाकायचा, हे ते हाताने चाचपून सांगायचे. निवृत्त झाल्यावर तीच नजर त्यांनी माणसांना लावली. "वरलं रबर घसायेल ऱ्हायनं तरी चालस," ते म्हणायचे, "मझारली केसिंग निरोगी जोयजे." केसिंग म्हणजे टायरचा आतला सांगाडा. माणसातली केसिंग कशी बघायची, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बॉल तं बठ्ठाच देखतस. बॉल पायमाईन गया की तो पोऱ्या काय करस, ते देख."

एवढंच. मला वाटलं होतं, मोठं काही सांगतील. पण पुढच्या रविवारी मी तसं, बॉल सोडून माणसांकडे बघून पाहिलं आणि थक्क झालो. बॉल पायातून गेल्यावर कुणी कमरेवर हात ठेवतं, कुणी पंचाकडे बघतं, कुणी दुसऱ्यावर ओरडतं. आणि एखादाच असतो, जो तेवढ्यात वळून धावायला लागलेला असतो. नाना अशाच एखाद्याला शोधत होते.

धुळ्याच्या स्पर्धेआधी माझी कसोटी लागली. क्लबाला देणगी देणारे हार्डवेअरवाले शेठ चहाच्या टपरीवर म्हणाले, "नाना, यंदा नागपूरचा स्टॉपर आणू. पैसे मी देतो. दोन बॉलांवर फुकट आलेल्या कोथिंबिरीवर स्पर्धा खेळणार का तुम्ही?"

मी दोन हात अंतरावर उभा होतो. नागपूरचा आला की मी पुन्हा बाकावर, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या हातातला चहा निवला.

नाना म्हणाले, "शेठ, कोथिंबीर नही ऱ्हायनी तं तुम्हीच शेवभाजी परत धाडतस."

टपरीवर हशा पिकला. शेठही हसले, पण हटले नाहीत. मग नाना गंभीर झाले. "पैसा द्या, मी नही म्हनत नही. पन वावरमा जे पिकस, ते बजारमाईन लेवानं नही. जे पिकसच नही, ते मातर चांगलं देखीसन लेवानं, अन् तठे भाव करत बसानं नही."

आमच्याकडे पिकत नव्हता तो गोलकीपर. दोन वर्षांत उंच आलेला बॉल धड झेलणारा कुणी मिळाला नव्हता. नाना दीपनगरला गेले आणि तिथल्या वीज केंद्राच्या वसाहतीतला एक लांब हातांचा पोरगा घेऊन आले. त्याने मागितले तेवढे पैसे दिले, एक रुपया कमी केला नाही. शेठच्या उरलेल्या पैशात चौघांना धड बूट घेतले. स्टॉपर मीच राहिलो.

उपांत्य सामना नेमका मोठ्या क्लबाशी आला. पूर्वार्धात मी बॉल बाजूला द्यायला गेलो आणि तो सरळ फिरोजच्या पायावर गेला. गोल. मागून शेठचा आवाज आला, "काढा त्याला! नाना, आत्ता काढा!"

मी वर बघितलं नाही. जाळीतून बॉल काढला, धावत मध्यावर नेऊन ठेवला आणि माझ्या जागेवर येऊन उभा राहिलो. नाना शेठना काय म्हणाले ते मला नंतर पोरांनी सांगितलं. "तो चुकना. पन चुकीसन उभा ऱ्हायना का? नही ना? मंग ऱ्हाऊ द्या."

उरलेला वेळ फिरोजला मी मोकळा सुटू दिला नाही. कसं जमलं ते मला आजही सांगता येत नाही. शेवटी कॉर्नरवरून आमचा गोल झाला, सामना पेनल्टीवर गेला आणि दीपनगरच्या पोराने दोन अडवल्या. त्यातली एक फिरोजची होती. आम्ही नाचत होतो. नाना मात्र मैदान ओलांडून फिरोजकडे गेले. तो गवतावर बसला होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते बराच वेळ उभे होते.

अंतिम सामना आम्ही हरलो. त्याबद्दल नाना कधी बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. दशक्रियेला मोठ्या क्लबाचे साळवे सर आले होते. मला बाकावर बसवणारे तेच. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "छान खेळतोस आता." काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "सर, दोन बॉलांवर वरून मिळालो होतो मी त्यांना."

सर चमकून म्हणाले, "कुणी सांगितलं तुला? फिरोजच्या बदल्यात नानांनी फक्त तुझं नाव घेतलं होतं. दुसरं काही नको म्हणाले. मलाच लाज वाटली रे, एवढा खेळाडू घेऊन बदल्यात बाकावरचं पोरगं द्यायचं म्हणून. बॉल आम्ही वरून टाकले."

मी विचारलं, "मग मला ते का बोलले नाहीत?"

"मीही विचारलं होतं," सर म्हणाले. "तर म्हणाले, हवा जास्ती भरी ना, की टायर घाटमा फुटस."

दोन वर्षं मी स्वतःला फुकटचा समजत होतो, म्हणून रोज अर्धा तास आधी मैदानावर जात होतो. नानांनी तेही हिशेबात धरलं असेल का, मला कळत नाही. त्या बॉलांपैकी एक कधीच फाटला. दुसरा अजून सरावाला वापरतात. साळवे सरांचं बोलणं मी क्लबात कुणाला सांगितलेलं नाही.

परवा शाळेच्या पोरांचा सामना बघत मैदानाच्या कडेला उभा होतो. एका किरकोळ पोराच्या पायातून बॉल गेला, आणि सगळे बॉलच्या मागे बघायला लागले. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी ओरडलं,

"ए कोथिंबीर, तिकडे काय बघतो? बॉल इकडे आहे!"